छातीतून की पोटातून

सलीम,

मुक्ताचं ऑपरेशन झालं. कसं झालं, कुठून झालं, हे तू पहिल्याच वाक्यात विचारलं असतंस आणि मी तुला आधी बाकीचं सगळं ऐकवलं असतं. तसंच करतो. सवय मोडणं मला अजून जमलेलं नाही.

तू गेल्याला अजून चाळीस दिवस झालेले नाहीत, तुझा चाळिसावा व्हायचा आहे. बसस्थानकासमोर तुझा फ्लेक्स लागलाय, ‘गोरगरिबांचा डॉक्टर’ म्हणून. फोटो कुठला तरी जुना शोधून लावलाय. त्यात तुला डोकंभर केस आहेत. तुला बघून हसू आलं असतं. मला आलं नाही, कारण त्या खांबाखालून मी रोज कचेरीत जातो आणि रोज वर बघितलं जातं. तुझं शिक्षण, तुझी सेवा, तुझे कॅम्प, हे सगळं लोकांनी बोलून झालंय. मला त्यातलं काही बोलायचं नाही. मला आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचंय, आणि खरं सांगतो, त्यालाही अंगात जोर नाही. गेले काही आठवडे मी बसल्या जागी दमतो. सुनंदा म्हणते, रक्त तपासून घ्या. तपासायला कुणाकडं जाऊ, हे ती सांगत नाही.

मुक्ता आम्हाला उशिरा झाली. सहा वर्षांची झाली तरी मी तिला घेऊन कुठं गेलो की लोक नात का म्हणून विचारतात. तिचा खोकला मागच्या हिवाळ्यापासूनचा. जेवण जरा जास्त झालं की उलटी, वजन काट्यावर हलत नाही. तू दोनदा औषध दिलंस. तिसऱ्यांदा म्हणालास, ‘आता औषध न्हाय. छातीचा फोटो काढून आण.’

बार्शीला एका मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो बघून सांगितलं की डाव्या छातीत पाणी आणि हवा साठलीय, आजच नळी घालावी लागेल. घालू देऊ का, हे विचारायला म्हणून मी तुला फोन केला. खरं तर विचारायलाही नव्हे, कळवायला. तू पलीकडून एवढंच म्हणालास, ‘थांबव. सुई लावू देऊ नको. मी आलो.’ बाकावर बसलेले पेशंट तसेच सोडून तू मोटारसायकलवर आलास. फोटो खिडकीशी धरलास, मुक्ताच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून ऐकलंस, आणि मग तोच काढून माझ्या कानात घातलास.

‘काय ऐकू येतं?’

‘गुडगुडतंय.’

‘छातीत कशाला गुडगुडंल, दत्ता? फुप्फुसं जेवत्यात व्हय?’

मग तू त्या डॉक्टरांकडं गेलास. आवाज चढवला नाहीस. ‘सर, नळी घालायच्या आधी पोरीला पांढरं औषध पाजून एक फोटो काढू या का? माझ्या मनाची शंका म्हणून,’ असं म्हणालास. त्यांनी काढला. पांढरं औषध पोटात थांबायचं सोडून छातीत वळणं घेत चढलेलं दिसलं. ते पाणी नव्हतं, हवाही नव्हती. तिची आतडी होती. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, जन्मापासून मागच्या बाजूला भोक होतं आणि त्यातून आतडी वर गेली होती. त्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. परतताना मी त्यांच्याबद्दल काही बोलायला लागलो तर तू मला गप्प केलंस. म्हणालास, ‘फोटो तसाच दिसतो रे. मलाबी चुकलं असतं. तुझ्या पोरीला मी वर्षभर बघतोय म्हणून वळखलं.’

ती नळी गेली असती तर कुठं गेली असती, हे मी तुला कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभारही मानले नाहीत. आपल्यात तसली भाषाच नव्हती.

मुक्ताला मात्र तू सगळं सांगितलंस. तुझ्या टेबलावर तिला बसवून म्हणालास, ‘तुझ्या आत दोन खोल्या हायेत. वरच्या खोलीत श्वास राहतो, खालच्या खोलीत जेवण. मधल्या छताला भोक पडलंय आन् जेवण वरच्या खोलीत पाहुणं म्हणून जाऊन बसलंय.’

ती म्हणाली, ‘मग हाकला की त्याला.’

‘तेच ठरवायलोय आमी,’ तू माझ्याकडं बघून म्हणालास. ‘तुझा बाप म्हणतो खालनं ओढू, मी म्हणतो वरनं ढकलू.’

तिथून ते सुरू झालं. रोज दुपारी, तुझा शेवटचा पेशंट गेला की मी कचेरीतून तुझ्या दवाखान्यात यायचो. मागच्या दारातून भाभींचा चहा यायचा. आणि आपण भांडायचो. पडदा शिवायचा, हे ठरलेलंच होतं. मोठा छेद न घेता दुर्बिणीतून शिवायचा, यावरही दोघांचं एकमत. दोन सर्जन आपण बघून आलो होतो. पुण्याचे छातीतून करत होते, सोलापूरचे पोटातून. प्रश्न एवढाच होता, आणि एवढ्याशा प्रश्नावर आपण दोघांनी किती चहा प्यायला असेल, ते भाभींनाच माहीत.

तुझं म्हणणं छातीतून. बरगड्यांच्या मधून बारीक भोकं पाडायची, आत थोडा वायू सोडला की त्याच्या दाबानं आतडी आपोआप खाली सरकतात. मग वर मोकळं मैदान. भोकाच्या दोन्ही कडा डोळ्यांसमोर, टाका सरळ पडतो. माझं म्हणणं पोटातून. जी आतडी जन्मापासून वर राहिलीत ती खाली आल्यावर नीट बसलीत की पीळ पडून बसलीत, हे खालून बघता येतं. छातीतून नुसती ढकलायची आणि वरून दार शिवून टाकायचं, मागं काय झालं ते कळायचं नाही.

‘आरं पण खाली ओढली की तीच आतडी तुझ्या पुढ्यात येऊन बसणार,’ तू म्हणायचास. ‘तिचं पोट एवढंसं. त्याला एवढ्या गर्दीची सवय न्हाय. दुर्बिणीला दिसंल काय? शिवायचं कुठं?’

‘छातीतून केलेल्या तान्ह्या बाळांत शिवण पुन्हा सुटायचं प्रमाण जास्त आहे. तूच छापून दिलेल्या लेखात आहे.’

‘तान्ह्या बाळांत! त्यांचं फुप्फुसच कच्चं असतं. आत सोडलेला वायू रक्तात उतरतो, त्यांना झेपत न्हाय, सर्जनला घाई करावी लागती. मुक्ता सहा वर्षांची हाय, चांगली चुरूचुरू भांडती.’

‘मग सहा वर्षांच्यांचे आकडे दाखव.’

‘तेवढी पोरंच नसत्यात रे या वयात सापडणारी. कुठून आणू?’

‘मग तू कशावरून सांगतोस?’

‘बघ! झालं सुरू. आला खुंटी ठोकणारा.’

हे नाव तू मला दिलं होतंस, आणि का दिलं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. मी कृषी खात्यात पीक कापणी प्रयोग घेतो. गावात किती पीक आलं हे ठरवायला सगळी शेतं कापता येत नाहीत, म्हणून कोष्टकातल्या अंकांवरून एक शेत निघतं, त्या शेतात किती पावलं लांबीला आणि किती रुंदीला जायचं तेही अंकांवरूनच निघतं, आणि जिथं पाऊल पडेल तिथं खुंटी ठोकून, दोरी ताणून, तेवढ्याच तुकड्यातलं पीक कापून वजन करायचं. एकदा तू माझ्याबरोबर आला होतास, सहज म्हणून. सोयाबीन होतं. खुंटी नेमकी खडकावर आली. भोवती सगळं कमरेएवढं, शेंगांनी लगडलेलं आणि त्या तुकड्यात चार काड्या. तू म्हणालास, ‘दोन पावलं सरक की. कोण बघतंय?’ मी सरकलो नाही. जिथं अंकानं नेलं तिथंच कापायचं. खडक आला म्हणून सरकलं, तर उद्या पीक भारी आलं म्हणूनही सरकता येतं, आणि मग त्या वजनाला काही अर्थ राहत नाही. शेतकरीही कधी म्हणतात, साहेब, इकडं घ्या, कधी म्हणतात, तिकडं घ्या, जसा त्या वर्षीचा विमा असेल तसं. मी ऐकत नाही. तू त्या दिवशी परत येईपर्यंत हसत होतास.

त्या लेखांत मला तेच दिसत होतं, सलीम. ज्या मुलांची तब्येत बरी त्यांना दुर्बीण, ज्यांची नाजूक त्यांना मोठा छेद. मग दुर्बिणीचे आकडे चांगले येणारच. ते शेतकऱ्यानं दाखवलेल्या वाफ्यातलं पीक आहे. आणि छातीतून विरुद्ध पोटातून म्हणावं, तर एका दवाखान्यात सगळी छातीतून आणि दुसऱ्यात सगळी पोटातून. ही तुलना दोन वाटांची नाही, दोन दवाखान्यांची आहे. चिठ्ठी टाकून मुलं दोन्हीकडं वाटलीत, असं मी वाचलं त्यात कुठं नव्हतं. हे मी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू मान डोलावलीस. मला वाटलं, पटलं.

मग म्हणालास, ‘सोलापूर जवळ हाय म्हणून तुला पोटातून बरं वाटतंय. पुणं जर इथं तेरखेड्याजवळ असतं ना, तर तू छातीचे आकडे काढून मला मारले असते फेकून.’

मी चिडलो. चिडलो, कारण त्यात थोडं तथ्य होतं. आणि तू तिथंच थांबला नाहीस. कप खाली ठेवून, हसू घालवून म्हणालास, ‘दत्ता, तुला आकडे कशाला पायजेत मला ठाऊक हाय. आकडे आले की सही करावी लागंल. जोवर आकडे येत न्हायत तोवर पोरगी घरी. पण ती आतडी तुझी वाट बघत थांबणार न्हायत. एक दिवस त्या भोकात अडकून पिळली, तर मग छातीतून का पोटातून हे विचारायला कुणी राहणार न्हाय.’

मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी आलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन.

‘आज ठरव. पुणं का सोलापूर, काय ते. उद्या सकाळी मी सर्जनला फोन करून तारीख घेतो. तू कुठंबी म्हण, मी संगं येतो, आत उभा राहतो.’

‘उद्या सांगतो.’

‘तू काय सांगणार मला माहीत हाय.’

‘काय सांगणार?’

तू हसलास. ‘तेबी उद्या सांगतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दवाखाना उघडलास, दोन पेशंट तपासलेस आणि तिसरा आत येईपर्यंत खुर्चीत गेलास. सगळ्या गावाच्या ईसीजीच्या पट्ट्या काढून बघणारा तू. आधी दोन दिवस खांदा दुखतोय म्हणत होतास, हे भाभींनी नंतर सांगितलं. मला का नाही म्हणालास? मी वाद घालत बसलो नसतो. एवढं एक तुला रागानं विचारायचं होतं, ते विचारून टाकलं.

तुला खांदा दिला. माती दिली. कब्रस्तानातून परतताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. मी विचार करत होतो, की तू काय म्हणणार होतास? मी पुण्याला हो म्हणेन असं तुला वाटत होतं, की तूच सोलापूरला तयार झाला होतास? तुझ्याबरोबर ते उत्तरही खाली गेलं.

त्या आठवड्यात मी ठरवू शकलो नाही. भांडायला समोर कुणी नसलं की माझं म्हणणंही मला पोकळ वाटायला लागलं. एकदा तर मनात आलं, आपलं कोष्टक काढावं, डोळे मिटून अंकावर बोट ठेवावं. सम आला तर छाती, विषम आला तर पोट. दोन्हींत ठरवण्याजोगा फरक आकड्यांत दिसत नसेल तर तेच योग्य, हे मीच इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. कोष्टक काढलं. बोट ठेवलं नाही. शेतकरी माझ्या मागं ‘साहेब, इकडं घ्या’ म्हणत बांधापर्यंत का येतात, हे मला नोकरीच्या अखेरीला कळलं.

सुनंदा दारात उभी होती. म्हणाली, ‘आकडे बघून झाले असतील तर आता मला विचारा.’

‘विचारतो. बोल.’

‘सोलापूर. माझी बहीण तिथं आहे, डबा येईल. रात्री पोरीजवळ आम्ही आळीपाळीनं बसू. पुण्यात आपलं कोण आहे? तुम्ही दोघं वरून-खालून करत बसलात, तिला नंतर उचलून बसवणार कोण, हे एकानं तरी विचारलं का?’

नव्हतं विचारलं. तर ठरलं ते असं. जवळ म्हणून. तू म्हणाला होतास तसंच. हस.

सोलापूरच्या सर्जनसमोर बसलो तेव्हा मी एक गोष्ट केली. तुझी बाजू मांडली. माझे प्रश्न बाजूला ठेवले आणि तुझा विचारला, ‘डॉक्टर, आतडी खाली ओढल्यावर एवढ्याशा पोटात तीच दुर्बिणीच्या आड येणार. मग तुम्ही शिवणार कुठं?’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘हे अगदी बरोबर आहे. पोटातून करण्यात खरी अडचण हीच. तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘माझे मित्र. डॉक्टर आहेत.’

‘त्यांना घेऊन या ना ऑपरेशनच्या दिवशी. बोलायला आवडेल.’

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘ते येऊ शकणार नाहीत.’ पुढचं तिनं सांगितलं.

ते म्हणाले, ‘तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं, की बहुतेक वेळा बिछाना कलता करून, आतडी एका बाजूला घेऊन दिसतं. नाही दिसलं, तर मी हट्ट करणार नाही. डाव्या बरगडीखाली छेद घेईन आणि उघडून शिवीन. त्याला तुमची आत्ताच तयारी हवी. दुर्बिणीनं सुरू करून तसंच संपवलं पाहिजे असं काही नसतं.’

सलीम, तुझ्या टेबलावर एवढे दिवस दोनच वाटा होत्या. तिसरी, दुर्बिणीनं सुरू करून मध्येच उघडायची, आपल्या बोलण्यात कधी आलीच नाही. तुला माहीत नसेल असं होणार नाही. बहुतेक तू मला घाबरवायला नको म्हणून गाळलीस, आणि मी विचारली नाही, कारण लेखांतल्या कोष्टकांत ती तळटीपेत होती. मी तळटीपा वाचणारा माणूस. ती मी वाचली आणि सोडून दिली.

ऑपरेशनच्या दिवशी मुक्ता स्वतःच्या पायांनी आत गेली. दाराशी वळून म्हणाली, ‘सलीमकाका आत हायत का?’ तिला आम्ही सांगितलं होतं. पण मुलांना सांगणं आणि मुलांना कळणं यांत अंतर असतं. सिस्टर समजूतदार होती, म्हणाली, ‘चल, आपण बघू.’

किती वेळ झाला ते मी बघितलं नाही. घड्याळ मनगटावर होतं. मग दार उघडलं आणि सर्जन तोंडावरचं फडकं खाली ओढून बाहेर आले.  ते म्हणाले, ‘ती ठीक आहे. आतडी सगळी खाली आली, प्लीहाही वर गेली होती, तीही आली. पण आता मला मागची कड दिसत नाही. दोन-तीन प्रकारे बघितलं. मी उघडतो.’

सुनंदा म्हणाली, ‘उघडा.’ मी मान हलवली असावी.

तर तू बरोबर होतास. शब्दशः तसंच झालं. पोट एवढंसं, गर्दी फार, कड दिसेना. आणि माझा मुद्दा, की खालून आतडी नीट तपासता येतात? तपासली. नीटच होती. माझ्या मुद्द्याचा तिला काही उपयोग झाला नाही. तरी मी हरलो म्हणणार नाही, एवढं तू मला ओळखतोस. छातीतून केलं असतं तर काय झालं असतं, हे कुणाला माहीत? एका खुंटीवरून तालुक्याचं पीक सांगत नाहीत. पण तू समोर असतास तर मी हे म्हणालो असतो का, याची मला आता खात्री नाही. एखादे वेळी गप्प बसून चहा प्यायलो असतो.

डाव्या बरगडीखाली तिला लांब व्रण आहे. भोक जाळी न लावता टाक्यांवर मिटलं. पहिले दिवस वाईट गेले. मोठ्या छेदाचं दुखणं मोठं असतं. खोकला आला की ती माझा अंगठा धरून ओरडायची. ते सगळं चुकावं म्हणून तर आपण दुर्बिणीच्या मागं लागलो होतो. सुनंदाची बहीण डबा आणायची, दोघी आळीपाळीनं तिला उचलून बसवायच्या, पाठीवर हात फिरवून खोल श्वास घ्यायला लावायच्या. मी कोपऱ्यात. माझ्या हाताला काम नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मी सर्जनना विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही तुमच्या पेशंटांचा हिशेब ठेवता का? छातीतून किती, पोटातून किती, उघडून किती?’

‘ठेवतो.’

‘मुक्ताला कुठल्या रकान्यात धरणार?’

सुनंदानं कपाळाला हात लावला. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘दुर्बिणीच्या. सुरुवात दुर्बिणीनं केली म्हणजे ती दुर्बिणीचीच. पुढं लिहायचं, जमलं नाही, उघडावं लागलं.’

‘सगळे असंच धरतात?’

‘सगळ्यांचं मला माहीत नाही. उघडलेली मुलं मी त्या रकान्यातून काढून टाकली, तर माझा रकाना फार छान दिसेल. पण मग पुढच्या बापाला मी काय सांगू?’

मी त्यांना खडकावर आलेल्या खुंटीची गोष्ट सांगितली. पुढचे पेशंट खोळंबले होते तरी त्यांनी ऐकली. मला तेव्हा फार मोठा शीण आल्यासारखं झालं, बसावंसं वाटलं. इतके दिवस मी कशाच्या शोधात होतो ते मला सांगता येत नव्हतं, सलीम. मला वाट नको होती. सरकणार नाही असा माणूस पाहिजे होता. एक होता, तो रोज दुपारी समोर बसून मला शिव्या देत होता, आणि मी त्याच्याकडं आकडे मागत होतो.

शिवण पुन्हा सुटू शकते. वर्षभर दर काही महिन्यांनी फोटो काढायचा, खोकला, उलटी, पोटदुखी झाली की लगेच यायचं, असं सांगितलंय. पहिला फोटो काढला. डावं फुप्फुस खालपर्यंत पसरलंय म्हणतात. मला फोटोतलं कळत नाही. मी तो पिशवीत तसाच ठेवलाय.

काल आम्ही तिघं तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या मुदतीत परक्या पुरुषासमोर येत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी बाहेरच्या खोलीत, म्हणजे तुझ्या दवाखान्यात, तुझ्या खुर्चीवर नव्हे, पेशंटांच्या बाकावर बसलो. सुनंदा आणि मुक्ता आत गेल्या. मधलं दार लोटलेलं होतं. आत मुक्ता फ्रॉक वर करून व्रण दाखवत असणार, कारण भाभींचा ‘या अल्ला, माझी बच्ची’ असा आवाज आला.

मग त्या दारामागून मोठ्यानं म्हणाल्या, ‘दत्ताभाऊ!’

‘जी, भाभी.’

‘कुठनं केलं मग शेवटी? वरनं का खालनं? इतके दिवस माझा चहा पिऊन भांडलात, मला कुणी सांगितलंच न्हाय.’

‘वरनंही नाही आणि खालनंही नाही, भाभी. दुर्बिणीनं जमलं नाही. उघडून केलं.’

आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘म्हंजे तुमी दोघंबी हरलाव!’ त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. खरंच हसायला लागल्या. सुनंदाही हसली. मी बाहेर बाकावर एकटाच होतो, तरी मलाही हसू आवरेना. आतलं हसणं बराच वेळ चाललं, आणि मग कधीतरी ते हसणं राहिलं नाही. सुनंदाचा हळू आवाज येत राहिला.

मुक्ता दार ढकलून बाहेर आली. हातात खजूर, चेहरा घाबरलेला.

‘बाबा, काकी रडायल्यात. मी काहीच केलं न्हाय.’

‘माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘तू काहीच केलं नाहीस.’

तिला आतून बाहेर, बाहेरून आत बघत तिथं उभं ठेवायला नको वाटलं. तिचं बोट धरून अंगणात घेऊन आलो. ऊन उतरलं होतं. तिनं खजूर तोंडात टाकला, बी थुंकली, माझं बोट सोडलं आणि फाटकाकडं पळत सुटली. मी मागून ओरडलो, सावकाश. तिनं ऐकलं नाही.